टपावरचा तंबू पुन्हा पुन्हा ढिला होतोय? पाना उचलण्याआधी हे तपासा

निघताना गाडीच्या टपावर तंबू धरून ठेवणारे चारही क्लॅम्प घट्ट आवळलेले असतात. दोन-तीनशे किलोमीटर खराब रस्ता झाला की तंबूला हात लावून पाहावं, तर एक कोपरा हलतो, एखादा नट बोटांनी फिरतो, नाहीतर अख्खा तंबूच दोन बोटं पुढे सरकलेला असतो. पुन्हा आवळायचं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: या वेळी पाना आणखी जोरात ओढायचा. माझं ठाम मत आहे की पहिला उपाय म्हणून हा सर्वांत वाईट. तंबू ज्यांच्यावर बसतो ते टपावरचे आडवे दांडे, म्हणजे क्रॉसबार, बहुतेक वेळा आतून पोकळ ॲल्युमिनियमचे असतात. जादा जोराने ते चेपतात, खाचेच्या कडा उघडतात, बोल्टचे आटे जातात, आणि जी तक्रार फक्त ढिलेपणाची होती ती मोडतोडीवर जाते. नट फिरून सुटणं, जोड आतून दबून सैल पडणं आणि आवळलेला जोड जागेवरून घसरणं हे तीन निरनिराळे बिघाड आहेत. वरवर पाहता तिन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. नेमका कुठला बिघाड आहे हे ओळखायला एक पेंट मार्कर आणि एक लहान टॉर्क पाना पुरतो.

त्याआधी एक गोष्ट. गाडी चालवताना टपावरून नवा खडखडाट किंवा धप्प आवाज आला, तर मुक्कामी पोहोचल्यावर बघू असं म्हणू नका. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, बोल्ट तपासा, सोबत रॅचेट पट्टा असेल तर तंबू रॅकला आडवा बांधा आणि उरलेलं अंतर कमी वेगात कापा. पन्नास-साठ किलोचं ओझं चालत्या गाडीवरून सुटलं, तर ते मागून येणाऱ्याच्या अंगावर जातं. तंबूचं काय व्हायचं ते होईल, पण मागच्या माणसाच्या जिवाशी खेळ नको.

आधी वजनाचा हिशोब

हिशोबच चुकलेला असेल तर पुढचं काहीही करून उपयोग नाही. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं. हा आकडा चालत्या गाडीचा असतो, आणि एसयूव्हींमध्ये तो साधारण ५० ते १०० किलोंच्या दरम्यान सापडतो. त्यात फक्त तंबू येतो असा समज असेल तर तो काढून टाका. रॅक, क्रॉसबार, क्लॅम्प, तंबूत गुंडाळून ठेवलेलं अंथरूण, वर बसवलेलं सोलर पॅनेल, सगळं त्यातच धरायचं. समजा टपाची मर्यादा ७५ किलो आहे आणि सपाट प्लॅटफॉर्म रॅक २५ किलोचा आहे. मग तंबूला उरले ५० किलो. दोन माणसांचा कापडी, घडीचा तंबू ४५ ते ६० किलोंचा असतो, कडक कवचाचा ६० ते ९० किलोंपर्यंत जातो. पावसात भिजलेलं कापड मिटून ठेवलं की त्यात आणखी काही किलोंची भर.

क्रॉसबारची मर्यादा वेगळी असते, त्याच्या पायांची वेगळी. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा आकडा. खडबडीत रस्त्यासाठी काही रॅक-निर्माते मूळ आकड्याला १.५ ने भागायला सांगतात, म्हणजे ७५ चे ५० होतात. तुमच्या रॅकच्या पुस्तिकेत असा वेगळा आकडा असेल तर कच्च्या रस्त्याला तोच धरा.

उभ्या गाडीचं गणित निराळं. तंबू ६०, दोन माणसं १४०, अंथरूण १० असे २१० किलो टपावर येतात आणि बहुतेक गाड्या ते सहज पेलतात, कारण तिथे धक्का नसतो, ब्रेक नसतो. तंबूच्या जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो या स्थितीचा. बोल्ट ढिले होतात ते चालत्या गाडीत, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा चालत्या गाडीचाच.

आणखी एक सापळा आहे शोभेच्या रेलचा. पुष्कळ छोट्या एसयूव्हींच्या टपावर दोन उभ्या रेल दिसतात, पण त्या प्लॅस्टिकच्या असतात आणि क्लिपांनी किंवा चिकटवून बसवलेल्या असतात. त्यांना क्रॉसबार लावला की तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण रेलच टपापासून सुटत जाते. पुस्तिकेत रेलवर वजन नेण्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या रेलवर तंबू चढवू नका. याला वॉशर बदलून किंवा चिकट द्रव लावून इलाज होत नाही.

खुणा करा, मग गाडी काढा

सगळे नट-बोल्ट कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या ठरावीक जोराला आवळा. त्यासाठी लहान टॉर्क पाना हवा, ५ ते २५ न्यूटन-मीटर पल्ल्याचा. चाकांच्या नटांसाठी असतो तो मोठा टॉर्क पाना इथे चालत नाही, कारण इतक्या खालच्या आकड्यांना तो भरवशाचा नसतो. मग पेंट मार्करने बोल्टचं टोक, नट आणि खालची पट्टी या तिघांवरून एक सरळ रेघ ओढा. दुसरी रेघ क्लॅम्पच्या कडेला, क्रॉसबारवर. तिसरी रॅकच्या पायाशी, पाय आणि रेल दोन्हींवर. ही तिसरी रेघ बहुतेक जण विसरतात, आणि पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. क्लॅम्प दहादा आवळूनही तंबू हलत असेल, तर क्लॅम्प ठीक आहे आणि अख्खा क्रॉसबारच रेलवर सरकतो आहे, हे शक्य आहे.

आता ४०-५० किलोमीटर साध्या रस्त्याने चालवून या आणि रेघा पाहा.

नट आणि बोल्टवरची रेघ तुटली असेल, तर नट फिरतो आहे. रेघ जशीच्या तशी आहे पण टॉर्क पाना लावल्यावर नट आकडा गाठेपर्यंत आणखी फिरतो, तर जोड आतून दबला आहे. नटांवरच्या रेघा शाबूत आहेत पण क्रॉसबारवरची किंवा पायाजवळची रेघ सरकली, तर जोड घसरतो आहे. सोबत क्लॅम्पच्या कडेला करडी-काळी बारीक भुकटी दिसते का तेही पाहा. ॲल्युमिनियम घासलं की अशी भुकटी निघते. डोळ्यांना काहीच हललेलं दिसत नसलं तरी तिथे हालचाल होते आहे, याची ती खूण.

नट फिरत असेल तर

गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेने धक्के बसण्यापेक्षा आडवे धक्के बसले तर तो फार लवकर सुटतो. आट्यांमधलं आणि नटाखालचं घर्षण नटाला धरून ठेवत असतं. जोड आडवा थोडासा जरी घसरला, तरी तेवढ्या क्षणापुरतं हे घर्षण नटाला अडवू शकत नाही, आणि आट्यांच्या उतारावरून नट स्वतःच मागे फिरतो. टपावरच्या तंबूला दिवसभर आडवेच धक्के बसतात: ब्रेक, वळण, खड्ड्यातलं डोलणं. त्यात उन्हाची भर. तंबूखालची ॲल्युमिनियमची पट्टी आणि टपाचं स्टील सारखं प्रसरण पावत नाही. दोन क्रॉसबारमध्ये ८० सेंटिमीटर अंतर असेल आणि पहाटेपासून दुपारपर्यंत पत्रा ४० अंशांनी तापला, तर दोघांच्या लांबीत सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो. गाडी नुसती उन्हात उभी असली तरी हा ताण जोडावर येतच असतो.

म्हणून पहिलं काम आडवी हालचाल थांबवण्याचं, नट अडवण्याचं त्याच्यानंतर.

स्प्रिंग वॉशरवर फार भरवसा ठेवू नका. युंकरच्या पद्धतीने आडवं हलवून घेतलेल्या चाचण्यांत स्प्रिंग वॉशर नटाचं फिरणं रोखत नाही. नायलॉक नट बरा, पण त्याची मर्यादा समजून घ्या. त्यातली नायलॉनची कडी नट गळून पडू देत नाही, जोडातला ताण मात्र ती टिकवत नाही. आवळल्यावर बोल्टचे एक-दोन आटे नायलॉनच्या बाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर कडी आट्यांना धरतच नाही. आणि जो नायलॉक नट बोटांनी आरामात शेवटपर्यंत जातो, तो फेकून द्या.

साध्या नटाला मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) उत्तम. लॉकटाइट २४३ त्याच जातीचा. आटे स्वच्छ आणि कोरडे करून लावा आणि पूर्ण पक्का व्हायला २४ तास द्या. निघायच्या सकाळी लावलेला थ्रेडलॉकर तुमच्या कामाचा नाही. तो प्लॅस्टिकच्या भागांवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. लाल थ्रेडलॉकर इथे लावू नका. तो सोडवायला बोल्ट चांगलाच तापवावा लागतो, आणि तंबूच्या कापडाशेजारी ते करणं धोक्याचं आहे.

स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट असेल तर आणखी एक त्रास होतो. आवळताना आटे एकमेकांना चिकटतात आणि नट मध्येच अडकतो. पाना टॉर्क झाल्याचं सांगतो, पण जोड आवळलेलाच नसतो. अशा ठिकाणी अँटी-सीझ पेस्ट लावतात, मात्र मग टॉर्क कमी करावा लागतो. आवळताना लावलेल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्ची पडतो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. आट्यांना वंगण लावून तोच आकडा ठेवला, तर बोल्टवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो.

रेघ जागेवर, तरी जोड सैल

माझ्या पाहण्यात हा प्रकार सर्वाधिक आढळतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

आवळलेला बोल्ट म्हणजे अगदी किंचित ताणलेली स्प्रिंग. हा ताण किती सूक्ष्म असतो ते आकड्यांत पाहू. ४० मिलिमीटर पकडीचा एम८ (८ मिलिमीटर जाडीचा) स्टील बोल्ट १० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे एक टन ओढीला जेमतेम ०.०५ मिलिमीटर लांबतो. रॅकवरचा पावडर कोटिंगचा थर साधारण ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे क्लॅम्पखालचा रंग नुसता दबला किंवा घासला गेला, तरी बोल्टमधला सगळा ताण संपू शकतो. नट कणभरही फिरलेला नसतो. थ्रेडलॉकर लावा, नायलॉक लावा, काही फरक पडत नाही, कारण फिरणं हा इथे दोषच नाही.

जे रंगाचं तेच रबराच्या पट्ट्यांचं, प्लॅस्टिकच्या वॉशरचं आणि ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये घातलेल्या जाड फोमचं. रबर आणि प्लॅस्टिक सतत दाबाखाली हळूहळू पसरत जातात, उन्हात तर जास्तच. पुस्तिकेत सांगितलेली पातळ रबरी पट्टी ठेवा, कारण ती त्या टॉर्कचा विचार करून दिलेली असते. स्वतःच्या मनाने कापून घातलेले ट्यूबचे तुकडे, दुहेरी चकत्या, फोम मात्र काढून टाका. ओरखड्यांची काळजी मी समजू शकतो, पण मऊ थरावर आवळलेला क्लॅम्प घट्ट राहूच शकत नाही.

मग काय करायचं? नव्याने बसवलेला तंबू पहिल्या ५० किलोमीटरनंतर ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळायचा, मग पहिला खराब रस्ता पार केल्यावर पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी नट आधीपेक्षा कमी फिरला तर जोड बसत चालला आहे आणि काळजीचं कारण नाही. दर वेळी तेवढाच फिरत असेल तर काहीतरी सतत दबतं आहे. क्लॅम्प सोडवून क्रॉसबार नीट पाहा. बोटाने खोलगट चेपल्यासारखं लागलं, खाचेच्या कडा उचललेल्या दिसल्या किंवा क्लॅम्पची वरची पट्टी वाकलेली असेल, तर तो भाग बदलायचा. चेपलेला ॲल्युमिनियमचा बार पुन्हा आवळला की आणखी चेपतो.

तंबूसोबत आलेल्या क्लॅम्पच्या पट्ट्या लहान असतील, तर क्रॉसबारखाली जास्त रुंद आणि जाड स्टीलची पट्टी घ्या. दाब पसरला की बार चेपत नाही. लांब बोल्टचाही इथे फायदा होतो: तो आवळताना जास्त लांबतो, म्हणून थोडं दबलं तरी त्याच्यात ताण शिल्लक राहतो. पण लांब बोल्टचं नटाबाहेर निघालेलं टोक टपाच्या पत्र्याला किंवा सनरूफच्या काचेला टेकणार नाही एवढं पाहून घ्या.

घट्ट आहे, तरी सरकतो

कुठे सरकला ते पाहा. पुढे सरकला असेल तर ब्रेक, मागे असेल तर बहुधा वारा.

६० किलोचा तंबू करकचून ब्रेक लावल्यावर सुमारे ४८ किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहतो. सव्वा मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच मिटलेल्या तंबूवर ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा दाब साधारण १८ किलो येतो, १२० ला तो २५ च्या घरात जातो. वेग दीडपट झाला की वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो. आता दुसरी बाजू पाहा. चार क्लॅम्पनी प्रत्येकी ३ किलोन्यूटनने बार धरला असेल, तर घर्षण कमी धरूनही ते २०० किलोंच्या वर जोर अडवू शकतात. म्हणजे नीट पकडलेला तंबू ब्रेकने सरकायलाच नको. सरकत असेल तर क्लॅम्प बारला खरोखर धरतच नाही.

कारण बहुधा आकाराचं असतं. बार विमानाच्या पंखासारखा गोलसर आणि क्लॅम्पची पट्टी सपाट, म्हणून दोघांची गाठ एका रेघेवर पडते. अशा बारसाठी त्याच घडणीचा क्लॅम्प मिळतो, तो घ्या. किंवा बारच्या वरच्या खाचेत सरकवायचे टी-बोल्ट वापरा. बारवर पॉलिश, मेण किंवा वंगणाचा हात फिरला असेल तर पुसून काढा. गाडी धुताना लावलेलं चकाकीचं द्रव्यही त्यात येतं.

क्रॉसबार एका पातळीत आहेत का? ताणलेली दोरी लावून पाहा. तीन बार असतील आणि मधला जरा उंच असेल, तर तंबू त्याच्यावर झुलत राहतो आणि टोकाचे क्लॅम्प दिवसभर वरखाली खेचले जातात. असमान तीन बारांपेक्षा समपातळीतले दोन बार बरे, फक्त त्यांची वजनाची मर्यादा पुरेशी हवी. दोन बारांमधलं अंतर तंबूच्या पुस्तिकेनुसार ठेवा. ते फार कमी पडलं तर तंबूचं पुढचं टोक वाऱ्याने उचललं जातं.

मुक्कामावर होणारा बिघाड

हे अनेकांच्या लक्षात येत नाही. घडीच्या तंबूचा अर्धा भाग उघडल्यावर गाडीच्या बाहेर अधांतरी येतो आणि त्याचा भार शिडीवर असतो. शिडी आखूड ठेवली, तिरपी लागली किंवा तिचा पाय भुसभुशीत मातीत खचला, की तो भार बिजागरीतून उलटा क्लॅम्पवर येतो. रात्रभर दोन माणसं कूस बदलत असतात आणि एका बाजूचे क्लॅम्प वर उपसले जातात. सकाळी गाडी हलवायच्या आधीच ते सैल झालेले असतात, आणि दोष मात्र रस्त्याला दिला जातो.

शिडी लावल्यावर तंबूची जमीन सपाट दिसली पाहिजे, बाहेरचं टोक खाली झुकलेलं नको. शिडीच्या दोन्ही पायांखाली मऊ जमिनीत फळी ठेवा. कायम शिडीच्या विरुद्ध बाजूचेच क्लॅम्प ढिले होत असतील, तर आधी शिडी बघा.

आवाजाबद्दल थोडक्यात

शिट्टीसारखा आवाज येतो तो बहुधा क्रॉसबारच्या उघड्या खाचेतून, तिथे रबरी पट्टी भरा. घोंघावणारा आवाज पट्ट्याचा असेल तर पट्ट्याला एक पीळ द्या. टकटक मात्र हलक्यात घेऊ नका, ती धातूवर धातू आपटल्याची असते.

पुन्हा बसवताना

तंबू उचलायला चार माणसं असू द्या. एका टोकावर तोल गेला की टपाचा पत्रा चेपतो आणि पाठीलाही इजा होते. तंबू मधोमध आला आहे का, मागचं दार पूर्ण उघडताना त्याला लागत नाही ना, अँटेना मोकळी आहे ना हे सगळं नट हातानेच लावलेले असताना बघून घ्या. मग चारही नट थोडेथोडे, तिरप्या जोडीने आवळत ठरलेल्या टॉर्कला न्या. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर तंबूच्या पट्ट्या वाकड्या बसतात आणि पहिला नट आपोआप सैल पडतो.

आता तंबू दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गाडी तिच्या सस्पेन्शनवर डोलली पाहिजे, तंबू गाडीवर नव्हे. तंबूच हलला तर खाली वाकून कुठला थर कुठल्या थरावर हलतो ते शोधा: तंबूच्या तळावर त्याची पट्टी, पट्टीवर क्लॅम्प, बारवर क्लॅम्प की रेलवर बारचा पाय. तंबूच्या तळाला बसवलेल्या पट्टीचे रिव्हेट हलत असतील, तर क्लॅम्पशी झटापट थांबवा. ते काम तंबूच्या दुरुस्तीचं आहे.

रॅकच्या वेल्डजवळ रंगात केसासारखी गंजाची रेघ दिसली, तर तो भाग थकून फुटायला लागला आहे. तसंच रेलच्या बुडाशी टपाचा पत्रा उचललेला किंवा सुरकुतलेला दिसला, तर तंबू त्याच दिवशी उतरवा. असा रॅक वेल्ड करून पुन्हा वापरायचा नाही, विशेषतः ॲल्युमिनियमचा, कारण वेल्डजवळचं ॲल्युमिनियम आधीच्या ताकदीचं राहत नाही. नवा रॅक बसवाल तेव्हा पहिल्या दिवसापासून खुणांच्या रेघा ओढा, आणि दर मुक्कामी, इंधन भरताना किंवा चहाला थांबताना त्यांच्यावरून एकदा नजर फिरवा.